जुबलीची इहीर

राणी व्हिक्टोरियाचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते आजीच्या गळ्यात. चांदीच्या रुपयांना वरून कडी डागून, दोऱ्यात ओवून केलेली हमेल ती सणावाराला घालायची. एरवी ती हमेल फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीच्या तळाशी असायची. अंगाला घासून रुपये इतके गुळगुळीत झाले होते की राणीचं नाक आणि गाल एक झाले होते, पण मुकुटाचे कंगोरे आणि झग्यावरची नक्षी बोटाला अजून लागायची. एक रुपया म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम, आणि त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सोनारसुद्धा तोळ्याचं वजन म्हणून पारड्यात हाच रुपया टाकायचे. ‘राणीछाप’ म्हटलं की पुढे चौकशी नसायची.

मला इंग्रजी अक्षरं लावता यायला लागली तेव्हा एक गोष्ट दिसली. हमेलीतल्या काही रुपयांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ होतं आणि काहींवर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. पहिल्या जातीच्या सगळ्या रुपयांवर साल एकच, १८६२. टांकसाळीने पुढे बरीच वर्षं तेच साल ठेवून रुपये पाडले. १८७७ मध्ये राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि रुपयावर ‘एम्प्रेस’ आलं. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की हे रुपये तिच्या सासूच्या सासूकडून आलेत आणि ते कापसाचे आहेत.

कापसाचे, हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. काळ्या मातीतून पांढरं सोनं निघालं आणि त्याची चांदी होऊन बायकांच्या गळ्यात पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाच्या गाठी मुंबईला जायला लागल्या. जमशेदजी टाटांनी आपली गिरणी नागपुरात काढली ती याच कापसाच्या जवळ राहावं म्हणून. तिचा मुहूर्त १ जानेवारी १८७७ चा. त्याच दिवशी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस मिल. आज त्या जागेवर मॉल आहे आणि त्याच्याही नावात एम्प्रेस आहे. पण ते साल आणखी एका गोष्टीचं होतं. दिल्लीत दरबार चालला होता तेव्हा दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळत होते.

राजेपदाच्या उत्सवाला दुष्काळाची अशी सोबत पुढेही घडली, आणि ती आमच्या दारात आली.

राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या सुवर्णमहोत्सवाचा, म्हणजे जुबलीचा, दिवस खरं तर जूनमधला. पण इकडच्या हवेत जून नको म्हणून हिंदुस्थानात तो १६ फेब्रुवारी १८८७ ला साजरा केला. तुरुंगातले कैदी सोडले, शहरांत रोषणाई झाली, वर्गण्या उभ्या राहिल्या. त्यातला मोठा पैसा लेडी डफरीन यांच्या फंडाकडे गेला. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून राणीच्या इच्छेने १८८५ मध्ये तो फंड निघाला होता. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय आजही सगळ्या जिल्ह्यात डफरीन म्हणूनच ओळखलं जातं. आमच्या तालुक्यात ‘डफरीनले नेलं’ म्हटलं की बाळंतपण आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. कितीतरी घरांतली पोरं तिथे जन्मली. लेडी डफरीन कोण होत्या हे त्या आयांना कळलं नाही आणि त्यांचं त्यामुळे काही अडलंही नाही. बाईच्या जिवासाठी उभं राहिलेलं काम म्हणून मला हे नाव सगळ्यांत जास्त मानाचं वाटतं. ते तसंच राहावं.

त्याच १८८७ साली पूर्णेच्या खोऱ्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, अकरा वर्षांचा डेबू मामाची गुरं राखत होता. वडील गेल्यावर आई त्याला घेऊन माहेरी आली होती. मामाची शेती पुढे सावकाराच्या घशात गेली. तोच डेबू पुढे गाडगेबाबा झाला. त्यांच्या कामाची सुरुवात आमच्या भागातल्या ऋणमोचनला झाली, पूर्णेच्या काठी. नंतर त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या, त्याही लोकांच्या पैशातून. पण ती वर्गणी आणि जुबलीची वर्गणी यांत मला फार अंतर दिसतं. गाडगेबाबांना लोक देत, कारण हा माणूस स्वतः खराटा घेऊन पुढे असतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. जुबलीची वर्गणी तहसीलदाराकडून पाटलाकडे यायची आणि पाटलाकडून दारोदार. तिला नाही म्हणायची सोय नसायची.

आता विहिरीकडे येतो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळीशार, खोल, पावसाळ्यात पायाला दहा किलो चिकटणारी माती आहे. पोटात पाणीही आहे, पण खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ते रोज पिऊन माणसाची मूत्रपिंडं खराब होतात. अशा गावात नाल्याच्या काठी, वरचं झिरपलेलं गोड पाणी धरून ठेवणारी एखादी विहीर म्हणजे गावाचा जीव. आमच्या गावात ती एकच. तिला सगळे ‘जुबलीची इहीर’ म्हणतात.

काळ्या दगडाचं, चुन्यातलं बांधकाम. आत उतरायला एका बाजूने पायऱ्या. तोंडाच्या काठावरच्या दगडांना दोर घासून घासून खाचा पडल्यात, काही खाचांत माझी चार बोटं आडवी बसतात. एवढी खोल खाच पडायला किती बायकांनी किती दोर ओढले असतील, याचा विचार मी त्या काठावर बसून नेहमी करतो. पूर्वेच्या बाजूला हातभर लांबीचा एक दगड बसवलेला आहे. त्यावर चुन्याचे आणि मग डिस्टेंपरचे थर चढले आहेत. पोळ्याला कोणी ना कोणी हात फिरवतंच. तिरप्या उन्हात पाहिलं तर ‘राणीसरकार’ एवढं लागतं, आणि खाली ‘१८९७’. मधल्या ओळी चुन्याखाली गेल्यात.

१८९७ हे व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचं साल, साठ वर्षांचं. लंडनला मिरवणूक निघाली २२ जूनला, आणि साऱ्या साम्राज्यात तोच दिवस धरला. आमच्याकडे हा दिवस म्हणजे मृग सरून आर्द्रा लागायची वेळ. शेतकऱ्याचे डोळे आभाळात असतात. त्या वर्षी तर जास्तच असणार, कारण १८९६ चा पाऊस पोळ्याच्या सुमारास जो दडला तो दडलाच. मध्य प्रांतात जबलपूर, बालाघाट, भंडाऱ्याकडे माणसं भुकेने मेली. वऱ्हाडात त्या वर्षी मरणं कमी होती, पण धान्याचा भाव गरिबाच्या हाताबाहेर गेला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता. अशा जूनमध्ये हुकूम आला, की राणीसरकारची जुबली साजरी करा.

त्या एका दिवसाच्या आठवणी जागोजाग वेगळ्या आहेत. पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर, गव्हर्नरच्या बंगल्यावरच्या समारंभातून परतताना, चापेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. नागपुरात शाळेत मिठाई वाटली आणि आठ वर्षांच्या केशव हेडगेवारांनी ती फेकून दिली, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन भरलं ते आमच्या अमरावतीत. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. जुबलीच्या वर्षाची सुरुवात आणि शेवट यांत केवढं अंतर पडलं होतं ते यावरून कळतं.

ही झाली शहरांची गोष्ट. खेड्यात काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही. आमच्या गावात काय झालं ते मला आबाजींकडून कळलं आणि त्यांना त्यांच्या वडलांकडून. गावात दवंडी फिरली. पाटलाच्या वाड्यावर दिवे लागले. तेलाची टंचाई होती, तरी लागले. पोरांना गूळ मिळाला. आणि वर्गणी जमली ती नुसत्या शोभेच्या दारूत उडू नये, विहीर खोदावी, असं पाटलाने ठरवलं. आबाजी हे सांगताना पाटलाचं नाव मानाने घ्यायचे. मीही घेतो. त्या काळात कोणाला रावसाहेब व्हायचं होतं, कोणाला कलेक्टरच्या दरबारात खुर्ची हवी होती, हे आमच्या पाटलाच्या मनातही असेल. पण गोड पाण्याची जागा त्याने हेरली आणि पैसा तिथे लावला.

मग दोन वर्षांनी छप्पन्नाचा काळ आला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. या वेळी वऱ्हाड सुटला नाही. पाऊस पडलाच नाही म्हणावा असा गेला. कापूस गेला, ज्वारी गेली, कडब्याअभावी गुरं गेली. लोक खडी फोडायच्या सरकारी कामावर जाऊन बसले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडात सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती दीड लाखाच्या आसपास घटली. आमच्या गावात अजूनही म्हातारी माणसं म्हणतात, ‘छप्पन्नात या इहिरीनं गाव जगवलं.’ आजूबाजूच्या गावांतले लोक रात्री येऊन पाण्यासाठी नंबर लावायचे, असं आजीने तिच्या सासूकडून ऐकलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आणि पुढे कोणाकोणाला सांगतही आलो. तिचा उरलेला भाग मला भीमनगरातल्या एका म्हाताऱ्या काकांनी सांगितला. विहिरीची डागडुजी चालली होती आणि आम्ही दोघं काठावर बसलो होतो. मी दगडाकडे बोट दाखवून राणीचं, पाटलाचं सांगत होतो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाऊ, थे इहीर आमच्या पंज्यानं (पणजोबानं) खणली. त्याच्या संगं आमच्या वाड्यातले सारे होते. धान नोयतं, म्हून शेरभर जवारीवर राबले. राणीचं नाव लागलं, पाटलाचं तुम्ही घेता. पंज्याचं कोठी हाय?”

मग थोडं थांबून म्हणाले, “आन् इहीर झाल्यावर आमाले तिले हात लावता नाय ये. माय घडा घेऊन तिकडे उभी राहे. कोणाले दया आली तं वरून ओते.”

ते हे रागाने बोलले नाहीत. त्यांच्या आईने कुठे उभं राहायचं ती जागा त्यांनी मला दाखवली. विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर, बाभळीच्या बुंध्याशी. ती बाभूळ आता नाही.

१९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली, बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आले. ते वारं तालुक्यात फिरलं. तरी आमच्या विहिरीवर सगळ्यांच्या बादल्या एकत्र पडायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. ज्यांच्या हातांनी गाव छप्पन्नात जगलं त्यांना त्या पाण्यासाठी ओंजळ पसरावी लागली, ही आमच्या गावावरची थकबाकी आहे. ती इंग्रजांच्या नावावर टाकता येत नाही. इंग्रजांचा हिशेब वेगळा, आमचा वेगळा, आणि दोन्ही लिहायला हवेत.

पुढच्या उत्सवांची आठवण आमच्याकडे तुटक आहे. १९११ च्या दिल्ली दरबाराचं आजीला फक्त एवढं ठाऊक होतं, की त्या सालचा रुपया लोक घेईनात. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. १९३५ च्या ६ मे रोजी त्याच राजाचा रौप्यमहोत्सव झाला, वैशाखाच्या ऐन उन्हात. त्यानिमित्ताने डाकेची तिकिटं निघाली, त्यांवर गेट वे ऑफ इंडिया, रामेश्वर, ताजमहाल, अमृतसरचं सुवर्णमंदिर अशी चित्रं होती. आमच्या घरी जुन्या पोथीत एक अर्ध्या आण्याचं तिकीट सापडलं होतं, गेट वेचं. ते कोणाच्या पत्रावरचं होतं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

वऱ्हाडाची गंमत अशी, की आमच्यावर हक्क सांगणारे राजे दोन. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो इंग्रजांनी कायमचा घेतला. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी हैदराबादेत निजामाचाही रौप्यमहोत्सव थाटात झाला. दोन वर्षांच्या आत दोन राजांचे महोत्सव, आणि आमच्याकडे कापसाचा भाव पडलेला.

त्याच १९३५ मध्ये वर्ध्याला काय चाललं होतं ते मात्र मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. गांधीजी मगनवाडीत राहायला आले होते. जवळच्या सिंदी गावात त्यांची माणसं रोज सकाळी बादल्या घेऊन मैला उचलायला जायची. त्यांत मीराबेन होत्या, इंग्रज ॲडमिरलची मुलगी. तिच्या देशाचा राजा पंचवीस वर्षांचा सोहळा करत होता, आणि ती विदर्भातल्या एका खेड्यात, आमच्या लोकांनी रस्त्याकडेला केलेली घाण उचलत होती. त्या वर्षाची खूण म्हणून मला कोणी विचारलं तर मी सिंदीचं नाव सांगतो.

स्वातंत्र्यानंतर काही नावं बदलली, काही राहिली. अमरावतीत १९२३ मध्ये निघालेलं किंग एडवर्ड कॉलेज विदर्भ महाविद्यालय झालं, पोरं त्याला व्हीएमव्ही म्हणतात. चंद्रपूरची ज्युबिली हायस्कूल मात्र ज्युबिलीच राहिली. खेड्यापाड्यांतून आलेली कितीतरी पोरं तिथे शिकली, आणि त्यांच्यासाठी ते नाव कोणत्याही राजाचं नसून आपल्या शाळेचं आहे. नावं पुसायच्या मी विरुद्ध आहे. पुसलं की त्याखालचा खर्चही पुसला जातो, आणि तो खर्च आमच्या आज्यापंज्यांनी केलेला आहे. आजीची हमेल १९७२ च्या दुष्काळात मोडली, तिच्यातून सरकी आणि खायची ज्वारी आली. कापसातून आलेली चांदी कापसातच परत गेली. कडी डागलेला एकच रुपया उरला, तो ‘क्वीन’चा.

आता गावात शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं. विहिरीवर कोणी जात नाही. गेल्या ग्रामसभेत ती बुजवायचा विषय आला. लहान पोरं आत डोकावतात, धोका आहे, हे खरं आहे. बऱ्याच बोलाचालीनंतर असं ठरलं, की वर लोखंडी जाळी टाकायची आणि विहीर ठेवायची. दगडावरचा चुना काढायचं काम एका गवंड्याला दिलं आहे. छिन्नी लावायची नाही, पाणी मारून आणि काथ्याने घासूनच काढायचा, असं त्याला बजावलं आहे. मधल्या ओळींत काय आहे ते कळेल तेव्हा कळेल.

दुसरी पाटी नवी बसणार आहे. तिच्यावर विहीर खणणाऱ्यांची नावं यायची आहेत. ती नावं भीमनगरातल्या म्हाताऱ्या बायका सांगतायत, कोणाचा आजा, कोणाचा पंजा, आणि शाळेच्या मास्तरांनी त्यासाठी एक वही घातली आहे. काही घरं पुण्या-मुंबईला गेली, त्यांना फोन लावणं चालू आहे. पाटी दगडाच्या खाली बसवावी असं काहींचं म्हणणं होतं, म्हणजे जुना दगड झाकला जाणार नाही. काकांनी सभेत उभं राहून सांगितलं, “खाले नको. खाले लय दिवस राह्यलो. बाजूनं लावा, एका उंचीवर.” सरपंचबाईंनी तसाच ठराव लिहून घेतला आणि सभेने हात वर करून तो मंजूर केला.